तुझा सी उशिरा आला

प्रिय सोनू,

वहीच्या पानाचा फोटो मिळाला. खाली तू लिहिलंयस, "एक्स शून्य घातला की छेदात शून्य येतो, गणितच चुकीचं छापलंय." गणित बरोबर आहे रे. तुझा सी, म्हणजे संकलनातला स्थिरांक, उशिरा आला, एवढंच.

समीकरण होतं डीवाय बाय डीएक्स = वाय², आणि अट अशी की एक्स ० असताना वाय १. चलं तू नीट वेगळी केलीस. वायची मंडळी डावीकडे, एक्सची उजवीकडे. संकलन करून −१/वाय = एक्स असं लिहिलंस, ते उलटवून वाय = −१/एक्स केलंस आणि मग सवयीने शेवटी + सी चिकटवलास. अरे, सी संकलनातून येतो, तर त्याच ओळीत लिहायला हवा: −१/वाय = एक्स + सी. मग उलटवताना तोही छेदात जातो. आणि वाय मोकळा करत बसण्याआधी अट तिथेच घाल: −१ = ० + सी. म्हणून वाय = १/(१ − एक्स). विकलन करून पडताळा घे, मी घेतलाय.

आता यातली गंमत बघ. एक्स १ च्या जवळ गेला की वाय अनंताकडे धावत सुटतो. म्हणून उत्तरापुढे "एक्स १ पेक्षा लहान" असं लिहायचं. एक्स २ ठेवलास तर सूत्र −१ देईल, पण ती १ वर पडलेल्या दरीपलीकडची दुसरी वाट. ० पासून निघालेला आपला वक्र तिथे पोचतच नाही. अटीत वाय १ ऐवजी १/२ घे. सी −२ होतो आणि दरी सरकून २ वर जाते. दरी १ वर की २ वर, हे समीकरणात कुठेच नव्हतं. दरी कुठे पडणार ते अटीने ठरवलं.

आणि अटीत वाय ० दिला तर? सी सापडणारच नाही. वाय² ने भागताना तो शून्य नाही असं आपण गृहीत धरलं, तिथेच वाय = ० हे सरळसोट उत्तर हातून निसटलं. भागण्याआधी ते समासात टिपून ठेवत जा.

(चलं वेगळी करायची ही रीत गणिती लायब्निट्सने १६९१ मध्ये शास्त्रज्ञ हायगेन्सला पत्रातूनच कळवली होती. तेव्हा आईने पत्रातून शिकवलं म्हणून हसू नकोस.)

पुढचं गणित: डीवाय बाय डीएक्स = एक्स/वाय, एक्स ० असताना वाय −३. शेवटी वर्गमूळ येईल. चिन्ह कुठलं घ्यायचं ते मला विचारू नकोस, अटीला विचार. आणि फोटो जरा उजेडात काढ.

तुझी,
आई