निवडणूकच रद्द झाली तेव्हा

बुखारेस्ट

ती. बाबा,
सा. नमस्कार.

‘खोटा प्रचार काय, पूर्वीही व्हायचा,’ असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. ते मनात राहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

२४ नोव्हेंबर २०२४ला इथे रोमानियात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली आणि कॅलिन जॉर्जेस्कू पहिला आला. मतदानपूर्व चाचण्यांत हा माणूस कुठेतरी तळाशी होता. पाठीशी मोठा पक्ष नाही, प्रचाराचा खर्च त्याने शून्य दाखवलेला! सगळी हवा टिकटॉकवर. नंतर गुप्तचरांची कागदपत्रं खुली झाली. त्याच्या प्रचाराशी जोडलेली सुमारे २५ हजार खाती मतदानाच्या दोन आठवडे आधी एकदम सक्रिय झाली होती, असं त्यांत होतं. शिवाय पैसे घेतलेले लोकप्रिय चेहरे ‘राष्ट्राध्यक्ष कसा हवा’ एवढंच सांगायचे, नाव कुणाचंच नाही. नाव यायचं ते खालच्या कमेंट्समध्ये, एकामागून एक. बघणाऱ्याला वाटणार, लोकच बोलताहेत.

६ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. दुसरी फेरी दोन दिवसांवर होती आणि परदेशातल्या रोमानियन लोकांचं मतदान सुरूही झालं होतं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ स्पेनमध्ये रांगेत उभं राहून मत देऊन आला आणि त्याच दिवशी ते मत बाद झालं. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्या मुलाने काय करायचं? मे २०२५मध्ये पुन्हा निवडणूक होऊन निकुशोर दान निवडून आले, तरी एकाच ऑफिसात निम्मे म्हणतात न्यायालयाने आमचा विजय चोरला, निम्मे म्हणतात खोट्या प्रचाराने आमची निवडणूकच चोरली.

बाबा, पूर्वीचा खोटा प्रचार सभेत व्हायचा, भिंतीवर दिसायचा. विरोधकाला तो ऐकून उत्तर देता यायचं. आता माझ्या फोनवर काय येतं ते शेजारणीला दिसत नाही. मग खोडून कोण काढणार? स्लोव्हाकियात २०२३मध्ये तर मतदानाला दोन दिवस उरले असताना एका नेत्याच्या बनावट आवाजाची क्लिप फिरली, तीही प्रचारबंदीच्या काळात.

घरच्या ग्रुपवर तुम्ही काही टाकलंत की सगळे ते तुमचा शब्द म्हणून वाचतात. म्हणून एवढंच मागते: मतदानाच्या तोंडावर आलेली कुठलीही क्लिप, आपल्या बाजूची असली तरी, पुढे पाठवू नका. शंका आली तर मला पाठवा, आपण मिळून तपासू.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू