जादा डब्यांच्या सदोष ट्रॉल्या आणि कपलिंगबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ब्लॉकच्या आगगाडीसाठी मागवलेले सुटे भाग सदोष व जाहिरातीपेक्षा वेगळे निघाल्याबद्दल

महोदय,

आपल्या कंपनीची ब्लॉकची प्रवासी आगगाडी मी दिवाळीत नातीसाठी घेतली. इंजिन, दोन डबे, मोटर आणि रुळांचे एक वर्तुळ. संचातली गाडी उत्तम चालते, तिच्याबद्दल काहीही म्हणणे नाही. माझी तक्रार खोक्याच्या मागे ठळक छापलेल्या वाक्याशी संबंधित आहे: 'स्वतःचे डबे बनवा, हवे तितके जोडा.' हे वाचूनच मी शेजारी मांडलेला दुसरा स्वस्त संच सोडून आपला घेतला. आता डबे मी बनवले आहेत, पण ते जोडण्यासाठी आपण जे भाग विकलेत त्यांनी ते जोडताच येत नाहीत.

मी मध्य रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन, म्हणजे डब्यांची देखभाल करणाऱ्या खात्यातून निवृत्त झालो आहे. ट्रॉल्या (डब्याखालचे चाकांचे सांगाडे), ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) आणि कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारा भाग) तपासणे हेच माझे काम होते. खाली लिहिलेली प्रत्येक गोष्ट मी त्याच सवयीने पाहून मगच लिहिली आहे.

नातीला डेक्कन क्वीन हवी आहे, आणि तीही पहिली. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे डब्यांच्या दोन पूर्ण माळा होत्या. एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या; दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. आमच्याकडे जुन्या खेळण्यांतले निळे ब्लॉक भरपूर आहेत, म्हणून निळा रेक ठरला. संचात दोन डबे, म्हणजे आणखी पाच हवेत. आपला तयार डबा १,४५० रुपयांना आहे. पाचांचे ७,२५० होतात, आणि अख्खा संच मला ४,९९९ ला पडला होता. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाने खेळण्यासाठी एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

कारण डब्यात महाग काही असेल तर ती चाके. भिंती आणि छप्पर कुठल्याही ब्लॉकचे होते. मी प्रत्येक डबा सहा बटणे (ब्लॉकवरचे गोल उंचवटे) रुंद आणि अठ्ठावीस बटणे लांब केला. एका बटणामागे ८ मिलिमीटर, म्हणजे डबा २२४ मिलिमीटर लांब. तळासाठी एक मोठी अखंड पाटी विकत घेतली असती तर तिथेच पैसे गेले असते. त्याऐवजी घरातल्या लहान पाट्यांचे दोन थर एकमेकांवर सांधे चुकवून बसवले, तळ मधून वाकत नाही. खिडक्यांच्या काचा जुन्या पारदर्शक फाइलच्या प्लास्टिकमधून कापल्या. सोनेरी रेघेला पिवळ्या पातळ पाट्या लावल्या. आसने सगळ्या डब्यांत बसवली नाहीत, छप्पर उघडून नात ज्यांत माणसे ठेवते त्यांतच ठेवली. डायनिंग कारला मात्र टेबले हवीतच, कारण डेक्कन क्वीन म्हटली की पहिली तीच आठवते. या सगळ्याला जवळपास काही खर्च आला नाही. ज्या घरात ब्लॉकची एक पेटी आहे त्या घराला हे जमेल.

जमणार नाही ते एकच: ट्रॉली आणि कपलिंग. रुळावर बसणारी, कड असलेली चाके आणि चुंबक घरी तयार होत नाहीत, ते कंपनीनेच द्यायचे असतात. म्हणून आपल्या संकेतस्थळावरून मी पाच डब्यांसाठी दहा ट्रॉल्या आणि दहा चुंबकी कपलिंग २,१५० रुपयांना मागवली.

पहिला दोष ट्रॉलीचा. संकेतस्थळावरच्या फोटोत, आणि माझ्या संचातल्या दोन्ही डब्यांतही, चाके पोलादी बारीक ॲक्सलवर आहेत. मला आलेल्या ट्रॉल्यांत ॲक्सल प्लास्टिकचा आणि जवळपास दुप्पट जाड आहे. फरक दिसायला लहान असला तरी चालण्यात फार मोठा आहे. चाक फिरताना ॲक्सल आपल्या बैठकीवर घासतो. चाकाचा व्यास तेवढाच ठेवून ॲक्सल जाड केला की त्या घासण्याला तेवढाच जास्त जोर मिळतो आणि डबा ओढायला जड होतो. त्यात प्लास्टिक प्लास्टिकवर घासते. संचातला डबा बोटाने ढकलला तर अर्धे वर्तुळ सहज जातो. तेवढ्याच वजनाचा माझा डबा आपल्या नव्या ट्रॉल्यांवर लगेच थांबतो. त्याच डब्याखाली संचातल्या ट्रॉल्या लावून पाहिल्या तेव्हा तो नीट धावला. दोष माझ्या डब्यात नाही हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. वळणावर तर चाकाची कड रुळाला घासतेच, आणि आपल्या वर्तुळाची त्रिज्या ३२० मिलिमीटर म्हणजे चांगलीच आवळ आहे. चौथा डबा तात्पुरता बांधून जोडला की मोटर वळणात अडकते आणि गरम होते. भोर घाटात १:३७ चा, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर चढ आहे म्हणून कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. सपाट टेबलावर रिकाम्या डब्यांसाठी ती वेळ येऊ नये.

दुसरा दोष कपलिंगचा, आणि तो मला जास्त लागला आहे. संचातल्या डब्याच्या एका टोकाला चुंबकाचा उत्तर ध्रुव बाहेर असतो, दुसऱ्या टोकाला दक्षिण. म्हणूनच डबे एकमेकांना धरतात. आपण पाठवलेल्या दहाही कपलिंगची बाहेरची बाजू एकाच ध्रुवाची आहे, आणि चुंबक चिकटवलेले असल्याने ते उलटता येत नाहीत. माझे दोन डबे समोरासमोर आणले की एकमेकांना दूर ढकलतात. पाच डबे तयार आहेत आणि त्यातले कुठलेही दोन एकत्र जोडले जात नाहीत. दोन ध्रुवांचे निम्मे-निम्मे तुकडे पिशवीत भरणे, किंवा चुंबक त्याच्या घरात मोकळा फिरता ठेवणे, एवढेच यासाठी पुरे होते.

यांतल्या एका कपलिंगचा चुंबक जरा ओढताच निखळून हातात आला. हे मी स्वतंत्रपणे आपल्या नजरेस आणून देतो. एकाहून जास्त चुंबक मुलाच्या पोटात गेले तर ते आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना धरतात, आतड्याला भोक पडते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. आमच्या घरी नातीचा धाकटा भाऊ रांगतो आहे. मी सगळी कपलिंग कपाटात बंद केली आहेत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आपल्या मूळ खोक्यावर ते आहे. या सुट्या भागांच्या पिशवीवर ना चिन्ह आहे, ना उत्पादकाचे नाव-पत्ता. हाच माल आणखी घरांत गेला असेल, तर तिथे आपण आजच कळवले पाहिजे.



आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा दोन उत्तरे मिळाली. एक, ग्राहकाने स्वतः बनवलेल्या डब्यांची जबाबदारी कंपनीची नाही. दुसरे, धातूच्या ॲक्सलच्या ट्रॉल्या हव्या असतील तर पूर्ण संच पुन्हा घ्या. पहिल्या उत्तराला आपल्याच खोक्यावरचे वाक्य पुरेसे आहे. आणि संचातून मिळणाऱ्या चारच ट्रॉल्यांसाठी दुसरे इंजिन, दुसरी मोटर, दुसरे रूळ घ्यायचे, हे ऐकून मला वाईट वाटले. हा छंदच मुळी आहे त्या वस्तूंतून नवीन उभे करण्याचा आहे. मूल पहिल्यांदा स्वतःच्या हाताने डबा बनवते, तो गाडीला जोडते, आणि गाडी तो ओढून नेते, यासाठी आपण हे खेळणे विकता. ते पुन्हा पाच हजार मोजणाऱ्या घरांपुरतेच राहावे असे आपल्यालाही वाटत नसेल.

माझी मागणी अशी: आलेल्या दहा ट्रॉल्या परत घेऊन संचात आहेत तशाच पोलादी ॲक्सलच्या द्याव्यात. कपलिंग दोन्ही ध्रुवांची, चुंबक पक्का बसवलेली द्यावीत. हे शक्य नसेल तर २,१५० रुपये परत करावेत आणि माल नेण्याचा खर्च आपण सोसावा. यापुढे ट्रॉली आणि कपलिंग हे दोन भाग एकेक नग, खऱ्या फोटोसह आणि ॲक्सल कशाचा आहे हे लिहून विक्रीला ठेवावेत. तोवर खोक्यावरचे 'हवे तितके जोडा' हे वाक्य काढावे, आणि मोटर किती डबे ओढते तो आकडा तिथे छापावा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ही तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. मुदतीत उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

पावतीची प्रत, दोन्ही ॲक्सल शेजारी ठेवून काढलेला फोटो, निखळलेल्या चुंबकाचा फोटो आणि डबे एकमेकांना ढकलतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. आपला माणूस घरी येऊन पाहणार असेल तर संचातल्या ट्रॉल्यांवरचा आणि नव्या ट्रॉल्यांवरचा डबा मी त्याच्यासमोर चालवून दाखवीन.

आपला विश्वासू,
(सही)
ग्राहक, पुणे