छंद टिकवायचे तर आधी दुरुस्तीवाले काकाजी टिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत छंदांवर अख्खं पान आलं होतं, आमच्या घरी सगळ्यांनी वाचलं, पुतण्यानं तर कापून फ्रीजवर लावलंय. मुलांनी मोबाईल बाजूला ठेवून हातानं काहीतरी करावं, क्लास कुठे लागतात, सामान कुठे भेटतं, सगळं नीट दिलं होतं. पण एक गोष्ट राहून गेली आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून हे पत्र. आपल्या नागपुरात जुन्या वस्तूंचे जेवढे छंद आहेत, जुने व्हिडिओ गेम, रोलचे कॅमेरे, रेडिओ, टेपरेकॉर्डर, पेटी, हे सगळे चालतात कोणाच्या भरवशावर? तर बर्डीवर, महालात, इतवारीत, सदरमध्ये छोट्याशा दुकानात टेबललॅम्प लावून बसणाऱ्या दुरुस्तीवाल्या काकाजींच्या भरवशावर. आणि ती दुकानं एकेक करून बंद होऊन राहिली आहेत. वस्तू आहेत, शौकीन आहेत, नवीन पोरंही येऊन राहिली आहेत, पण दुरुस्त करणारे हात कमी झाले, आणि ते गेले की बाकी सगळं नुसतं शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचं.

मी शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी घरी जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करते. आमच्या लहानपणी जे कॅसेटवाले गेम होते ना, तेच. मूळ मशीन जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आलं, फॅमिकॉम नावानं, आणि आपल्याकडे पोचले ते त्याचे भाईबंद, डब्यावर समुराई, लिटल मास्टर अशी नावं, आत जात तीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर बसून अख्ख्या गल्लीची पोरं एकाच टीव्हीवर नंबर लावून खेळायची. त्या मशीनचं डोकं आजच्या हिशोबानं काहीच नाही, २ केबी रॅम, म्हणजे तुमचं हे पत्रांचं सदरसुद्धा त्यात मावणार नाही, तरी त्यात जे जग बनवलं होतं ते आजही पोरांना धरून ठेवतं, मी माझ्या वर्गातल्या पोरांना खेळताना पाहिलंय.

आता कॅसेट चालत नाही म्हटलं की सगळे फुंकर मारतात. फुंकर मारू नका हो. तोंडातली ओल पट्टीवर बसते आणि पुढे तिथेच गंज धरतो. पट्टीवर ६० पिना असतात, एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ३०, त्यावर आधी पेन्सिलचं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं, मग कान साफ करायच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं, काडी काळी निघते, पांढरी निघेपर्यंत पुसत राहायचं, वाळू द्यायचं आणि मग लावायचं. बऱ्याच कॅसेटी एवढ्यानंच चालतात. मशीनचं तसं नाही. आतल्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांमध्ये, द्रव असतं, ते उष्णतेनं वाळतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा स्लॅबखालच्या माळ्यावर काय होत असेल विचार करा. वीस वर्षं माळ्यावर पडलेलं मशीन लावलं की चित्र हलतं, आवाजात घरघर येते, तेव्हा कंडेन्सर बदलावे लागतात, कधी ५ व्होल्टचा रेग्युलेटरच गेलेला असतो. हे मला कोणी क्लासमध्ये नाही शिकवलं. बर्डीवर मोदी नंबर तीन गल्लीच्या बाजूला एक काकाजी बसायचे, त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून बघून बघून शिकले. सोल्डरिंगची टोकं आधी ओल्या स्पंजावर पुसायची, सोल्डरची तार गरम न करता पिन गरम करायची, मग रांगा, म्हणजे वितळलेलं सोल्डर, आपोआप ओढला जातो, हे त्यांनी मला माझा हात धरून दाखवलं. फी विचारली तर म्हणाले, "मॅडम, चहा सांगा."

पण खरी अडचण टीव्हीची आहे आणि ती बाहेरच्या लोकांना कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्या गेमसोबत एक बंदूक यायची, स्क्रीनवरची बदकं मारायची. ती नवीन एलईडी टीव्हीवर चालतच नाही, कितीही महागाचा घ्या. कारण असं की घोडा दाबला की गेम क्षणभर पूर्ण स्क्रीन काळी करतो आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो, त्याला त्याच क्षणी तो पांढरा चौकोन दिसला तर बदक पडलं. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही एकेक ओळ चमकवत चित्र काढतो, बंदूक त्या चमकण्यावरच बनवलेली आहे. नवीन टीव्ही चित्र आधी साठवतो, सुधारतो, मग दाखवतो, त्याच्यात जो उशीर होतो तेवढ्यात गेम पुढे गेलेला असतो. म्हणून बंदूक जिवंत ठेवायची तर पिक्चर ट्यूबचा टीव्ही जिवंत पाहिजे, आणि तो टीव्ही जिवंत ठेवायला ईएचटी, म्हणजे ट्यूबला लागणारा प्रचंड व्होल्टेज, समजणारा माणूस पाहिजे. हे काम यूट्यूब पाहून करायचं नाही, मी मुलांना स्पष्ट सांगते. रंगीत पिक्चर ट्यूबवर २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते ट्यूबमध्ये टिकून राहू शकतात. काकाजी आधी लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला तार बांधून ती अर्थ करायचे, एक हात मागे पाठीवर ठेवायचे, मगच ट्यूबवरची रबरी टोपी उचलायचे. हे पुस्तकात वाचून अंगात येत नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

ते दुकान मागच्या वर्षी बंद झालं. मी विचारलं, मुलाला का नाही शिकवलं, तर म्हणाले, "कायले शिकवू मॅडम? दिवसभर दुकान उघडून बसलो तं दोन गिऱ्हाईक येते, त्यातलं एक रिमोटचे सेल मागते." त्यांच्याकडे डब्या-डब्यांमध्ये जुने पार्ट होते, चिठ्ठ्या लावलेले, त्यातले बरेचसे वजनावर विकले गेले. जुने टीव्हीसुद्धा तसेच जातात, कबाडी आतलं तांबं काढून घेतो आणि काच फोडून टाकतो, त्या काचेत शिसं असतं, ते कुठे जातं कोणी पाहत नाही. एक चालू टीव्ही फुटतो तेव्हा एका पोराचा छंद जातो आणि वरून ते शिसं मातीत, याचा मला खरंच संताप येतो.

फोटोग्राफीवाल्यांचं दुखणं वेगळं नाही. आमच्या ओळखीत तीन-चार कॉलेजची पोरं रोलवर फोटो काढतात, पहाटे फुटाळ्यावर, मारबतीच्या मिरवणुकीत, महालातल्या चितार ओळीत मूर्तींच्या मातीचा हात सुरू असतो तेव्हा. घरच्या कपाटातला आजोबांचा कॅमेरा काढला की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे मागच्या झाकणाच्या कडेचा काळा फोम वितळून डांबरासारखा चिकट झालेला, त्यातून उजेड आत शिरतो आणि फोटोवर लाल पट्टे येतात. तो खरवडून नवीन बसवायचा, शटर अडकत असेल तर खोलून साफ करायचं, हे करणारे शहरात आता शोधावे लागतात. पोरं रोल बाहेरगावी कुरिअर करतात, दोन आठवडे वाट पाहतात. एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी मात्र त्यांना ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुवायला शिकवला, आणि नागपूरच्या हिशोबानं शिकवला, हे मला फार आवडलं. डेव्हलपर साधारण २० डिग्रीवर चालवायचा असतो, आणि आपल्या टाकीचं पाणी मे महिन्यात हात भाजेल असं. तर काकांनी सांगितलं, माठाचं पाणी घ्या, बाटल्या बर्फाच्या टबात ठेवा, थर्मामीटर सोडू नका, आणि डेव्हलपर, हायपो (फोटो पक्का करणारं द्रावण), शेवटचं धुवायचं पाणी तिन्हींचं तापमान सारखं ठेवा, नाहीतर फिल्मवरचा थर आकसून त्याच्यावर जाळी पडते. हे शहर ज्याला माहीत आहे तोच असं सांगू शकतो.

आणि एक विनंती या निमित्तानं सगळ्याच वाचकांना. घरी लग्नाच्या, मुंजीच्या, बारशांच्या निगेटिव्ह असतील तर आत्ता माळ्यावरून खाली काढा. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजा फिल्म खराब व्हायला लागली आहे, उष्णता आणि दमट हवा मिळाली की ते वाढतच जातं आणि शेजारच्या पट्ट्यांनाही लागतं. वासाच्या पट्ट्या वेगळ्या करा, बाकीच्या कागदी पाकिटात घालून घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कपाटात ठेवा, आणि स्कॅन करून घ्या. टॅब्लेटवर पूर्ण पांढरी स्क्रीन लावून त्याच्या जरा वर पट्टी धरली आणि मोबाईलनं फोटो काढून रंग उलटे केले तरी घरच्या घरी कामचलाऊ कॉपी निघते. स्टुडिओ बंद करताना काही लोक निगेटिव्हच्या पेट्याच्या पेट्या फेकून देतात, त्यात आपल्या मोहल्ल्यांचे चाळीस-पन्नास वर्षांचे चेहरे असतात.

कोणी म्हणेल की बाई, हे सगळं दोन-चार शौकिनांचं आहे. तसं नाही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घ्या, तो तर घराघरात आहे. ही प्रथा १८०६ पासून, दुसऱ्या रघुजी राजे भोसल्यांनी सुरू केली असं सांगतात, आणि आजही पोरं बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. चांगला सागवानी बैल आजोबांकडून नातवाकडे येतो, पण चाक ढिलं होतं, शिंग तुटतं, रंग जातो, आणि ते बसवून देणारा सुतार आता कुठे सापडतो? मग प्लास्टिकचा येतो, तुटला की फेकला. एका आजोबांनी नातवाला सोबत बसवून स्वतः बैलाचं शिंग घासून बसवलं, ते पोरगं आता आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सगळ्यांच्या बैलांची चाकं नीट करून देतं. छंद असा लागतो.

मोबाईलवर इम्युलेटर टाकून जुने गेम खेळता येतात, फिल्टर लावून रोलसारखा फोटो करता येतो, हे मला माहीत आहे आणि ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर करावं, माझी काही तक्रार नाही. पण उघडून पाहणं, कुठे बिघडलं ते शोधणं आणि आपल्या हातानं चालू करणं यात जो आनंद आहे तो त्यात नाही. सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, मोबाईल, गाड्या, शेतीची अवजारं, घरगुती उपकरणं यांच्यासाठी, चांगलं पाऊल आहे. पण ज्या वस्तूची कंपनीच उरली नाही तिचं मॅन्युअल काकाजींच्या डोक्यातच आहे.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. पुरवणीत आठवड्याला अर्धा कॉलम एका दुरुस्तीवाल्याला द्या. दुकान कुठल्या गल्लीत, काय काय दुरुस्त होतं, किती वाजता उघडतं, एवढं त्यांना विचारून छापलं तरी गिऱ्हाईक वाढेल, आणि गिऱ्हाईक वाढलं तर मुलगा किंवा मुलगी बाजूच्या स्टुलावर बसेल. दुसरं, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड आहे, तिथे या काकाजींना महिन्यातून एक दिवस मानधन देऊन बोलवावं, ही गोष्ट तुमच्यासारख्या पेपरनं लावून धरली तर होईल. तिसरं शाळांना, माझ्याही शाळेला, सुट्टीत प्रयोगशाळा कुलूप लावून असतात, त्यातली एक खोली रविवारी सकाळी उघडली तर टेबल, प्लग आणि पंखा एवढ्यावर काम भागतं, सोल्डरिंगचं सामान आम्ही आणू, मुलांवर लक्ष ठेवायला मोठे आम्ही असू, फक्त परवानगी पाहिजे.

पहिल्या कॉलमसाठी दोघांना मी विचारून ठेवलंय, एक रेडिओ-टेपवाले आणि एक पेटीचे सूर लावणारे, दोघांनी हो म्हटलंय. तुमचा वार्ताहर पाठवाल तर सकाळी अकराच्या आधी पाठवा आणि फोटोग्राफर सोबत असू द्या, पेटीवाल्या काकांनी भाता उघडून ठेवतो म्हटलंय.

आपली नम्र,
एक शिक्षिका, त्रिमूर्ती नगर, नागपूर