लिलजवळचं एक काम

प्रिय बंड्या,

फ्रान्समध्ये लिलला बदली झाली, घरही मिळालं, छान झालं. थंडीची रड फोनवर ऐकीनच. पत्र लिहितोय ते एका कामासाठी. तुझ्यापासून जवळच, लांसच्या बाजूला एस्तेवेल नावाचं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेला वैमानिक इंद्रलाल रॉय आहे. कलकत्त्याचा पोरगा, लंडनला शिकलेला, 22 जुलै 1918 ला कार्व्हँवरच्या हवाई लढाईत गेला. वय 19.

तेरा दिवसांत शत्रूची दहा विमानं पाडल्याची नोंद त्याच्या नावावर लागली, मरणोत्तर डीएफसी हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं, हे तुला कुठेही वाचायला मिळेल. मला तो आवडतो त्याच्या हट्टासाठी. नजर कमी म्हणून वैमानिक दलाने आधी नाकारलं, तर पठ्ठ्याने मोटारसायकल विकली आणि त्या पैशातून डोळ्यांचा बडा डॉक्टर गाठून निकाल फिरवून घेतला! डिसेंबर 1917 मध्ये विमान कोसळलं. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर येऊन त्याने आतून दार बडवलं, असं सांगतात. बरा होईतो विमानांची चित्रं काढत बसला. ती चित्रं अजून आहेत. एवढ्यावर घरी बसला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण हा पुन्हा हट्टाने आघाडीवर, 40 नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये.

ब्रिटिश साम्राज्यासाठी कशाला लढला, हे तू विचारशीलच. मलाही ते टोचतं. पण घरच तसं होतं, गप्प न बसणारं. आई ललिता रॉय 1911 साली लंडनमध्ये बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात होती.

थडग्यावर बंगालीत लिहिलंय की महावीराची समाधी आहे, मान द्या, हात लावू नका. तेव्हा जरा हात आवर, तुला प्रत्येक गोष्ट चाचपून बघायची खोड आहे.

आणि एवढ्यावर परत फिरू नकोस. आमियाँजवळ हाँगारला आपला मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकर आहे. 23 नंबरच्या स्क्वॉड्रनचा, डॉल्फिन विमान चालवायचा. तोही 1918 च्याच जूनमध्ये, इंद्रलालच्या काही आठवडे आधी गेला. वेलिंकरचं नाव आपल्या दादरच्या कट्ट्यावर कधी कोणी काढलेलं आठवतंय तुला? मला तर नाही.

दोन्हीकडे फुलं ठेव, पैसे मी देईन. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
अन्या