पप्पांच्या पुतळ्याचं उत्तर (आणि बाकीचं)

प्रिय मम्मी, पप्पा आणि आजी,

दादा, ह्याची प्रिंट काढ आणि अक्षर मोठं कर, पप्पा मोबाईलवर निम्मं वाचतात आणि उरलेलं मला फोन करून विचारतात.

मी मजेत आहे. आवाज बसलेला वाटला तो सर्दीने नाही, मॅचमध्ये ओरडून बसलाय, त्यामुळे काढा-बिढा सांगू नका. जेवणाचं, लॅबचं, बसचं तुम्हाला सगळं पाठ आहे ते परत लिहीत नाही. फराळाचा डबा दिवाळी होऊन गेल्यावर पोचला, चकल्यांचा पार चुरा झालेला, तो मी चिवड्यात ढकलला आणि लॅबमधल्या मुलीने विचारलं हे वेगळं काय आहे तर म्हटलं आमच्या संगमनेरची खासियत आहे. करंज्या मात्र अख्ख्या. आजीला सांगा एकही फुटली नाही.

आता पप्पांचा विषय. पप्पा, तुम्ही परवा एवढे तापलात की मम्मीने तुमच्या हातातून फोन काढून घेतला. मी फक्त आमच्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमचा एक फोटो टाकला होता, त्यावरून तुम्ही यूट्यूबवर कुठल्या कुठे गेलात आणि मग मला विचारता, शेहेचाळीस सीझन एका कॉलेजला दिलेल्या जो पॅटर्नो ह्या फुटबॉल कोचचा पुतळा उचलून नेतात म्हणजे ह्या लोकांना गुरूची काही किंमत आहे की नाही. आणि मागून मम्मीचा आवाज, असल्या कॉलेजात पोरगी कशाला ठेवली. दोघांना एकदमच सांगते.

आधी हे समजून घ्या की इथे अमेरिकेत फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा आपला फुटबॉल नाही, लांबट बॉल हातात घेऊन एकमेकांच्या अंगावर धावून जायचं. आणि स्टेट कॉलेज हे गाव आपल्या संगमनेरपेक्षा लहान आहे, चाळीस हजार वस्ती, पण त्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणूस बसतो. (बीव्हर म्हणजे तो दातवाला प्राणी नाही हं, बीव्हर नावाचे इथले गव्हर्नर होते, मलाही पहिल्यांदा प्राणीच वाटलेला.) मॅच शनिवारी. पण मोठी मॅच असली की पोरं आठवडाभर आधीपासून स्टेडियमच्या गेटपाशी तंबू ठोकून राहतात. मम्मी, तू विचारशील तिकीट नाही का मिळत. मिळतं. तिकीट खिशात असतं. पण विद्यार्थ्यांच्या तिकिटावर सीट नंबर नसतो, जो आधी आत घुसेल तो पहिल्या रांगेत, म्हणून हे तंबू. एका तंबूत एक ग्रुप, त्यांची ड्युटी लावलेली, कोणी क्लासला गेला की दुसरा येऊन बसतो, हजेरी घेतात, हजेरीला तंबूत ठरलेली माणसं सापडली नाहीत तर नंबर जातो. पावसात पण. लॅपटॉप मांडीवर घेऊन असाइनमेंट करतात तिथेच, थंडीत कुडकुडत, आणि आईबाप येऊन पिझ्झा देऊन जातात, कोणी घरी चल म्हणत नाही. मी एकीला विचारलं टीव्हीवर ह्याहून चांगलं दिसतं ना गं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं जसं आजी बघते मी उपवासाला कांदा खाल्ला की. तर ह्या तंबूंच्या वस्तीला आज निटनीव्हिल म्हणतात. २०१२ पर्यंत तिचं नाव होतं पॅटर्नोव्हिल. जो पॅटर्नो, तुमचा तो पुतळेवाला.

म्हणजे बघा केवढा माणूस होता. तुमच्यासाठी कोच म्हणजे आचरेकर सर, तर इथे त्याहून शंभर पट. १९६६ ते २०११, ४०९ मॅच जिंकला, १९८२ आणि १९८६ ला देशात पहिला नंबर. पण तुम्हाला आवडेल ते वेगळंच आहे. पोरांनी आधी डिग्री घ्यायची मग खेळ, हा त्याचा हट्ट. बाकीचे कोच बंगले बांधत असताना हा त्याच जुन्या साध्या घरात राहिला, मॅचला घरून चालत जायचा. त्याने आणि बायकोने मिळून कॉलेजला चाळीस लाख डॉलरच्या वर दिले, लायब्ररीची एक अख्खी विंग त्यांच्या नावाने उभी आहे, मी तिथेच बसते, खिडकीजवळ, फोटो पाठवलेला ती. आणि एक गंमत, त्याच्या टीमच्या जर्सीवर खेळाडूचं नाव नसायचं. फक्त नंबर. टीम मोठी, तुम्ही नाही. पोरांच्या पाठीवर नाव नको म्हणणारा माणूस आणि आता भांडण चाललंय ते त्याचं नाव कुठे कुठे ठेवायचं ह्यावर!

आता ते दुसरं. मम्मी, मी थोडक्यातच लिहिते. त्याच्या हाताखाली सँडस्की नावाचा असिस्टंट कोच होता, गरीब मुलांसाठी संस्था चालवायचा, आणि त्याच मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार करत होता. २००१ मध्ये टीमच्याच बिल्डिंगमध्ये एका ज्युनियर कोचने डोळ्यांनी काहीतरी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नोच्या घरी जाऊन सांगितलं. पॅटर्नोने ते वरच्यांच्या कानावर घातलं. वरच्यांनी पोलिसांना कळवलं नाही. सँडस्कीला अटक झाली २०११ च्या नोव्हेंबरमध्ये. मधली दहा वर्षं मोजा.

अटकेनंतर चार दिवसांत पॅटर्नोला फोनवर काढून टाकलं, त्या रात्री इथल्या पोरांनी रस्त्यावर येऊन टीव्हीवाल्यांची गाडी उलटी केली, तेच तुम्ही यूट्यूबवर बघितलंत. अडीच महिन्यांत म्हातारा कॅन्सरने गेला. पुढच्या जुलैमध्ये चौकशीचा रिपोर्ट आला की त्याच्यासकट वरच्या चौघांनी हे दाबलं, घरचे लोक आजही म्हणतात रिपोर्ट खोटा आहे, आणि दहा दिवसांनी एका रविवारी सकाळी निळी ताडपत्री लावून पुतळा काढला. कुठे ठेवलाय ते आजही सांगत नाहीत. जिथे होता तिथे झाडं लावलीत. मॅचच्या दिवशी लोक त्या झाडांपाशी उभं राहून फोटो काढतात, काही जण तर त्याचा पुठ्ठ्याचा माणसाएवढा कटआऊट बगलेत घेऊन येतात, मोठा चष्मा, घोट्याच्या वर दुमडलेली पँट, पांढरे मोजे. एका काकांनी तो कटआऊट माझ्याकडे देऊन पार्किंगचे पैसे दिले, मी दोन मिनिटं पॅटर्नोला धरून उभी, काय करावं कळेना.

पप्पा, तुमचं म्हणणं मला कळतंय. वरिष्ठांना सांगितलं, नियमाने जेवढं करायचं तेवढं केलं, शाळेत तुम्हीही हेडमास्तरांकडेच गेला असतात. इथे निम्मं गाव हेच म्हणतं. आणि त्यावेळच्या कायद्याने कॉलेजच्या माणसाने वरच्याला सांगितलं की त्याची जबाबदारी संपायची हेही खरं. पण मग ह्या कांडानंतर पेनसिल्व्हेनियाने कायदाच बदलला. आता मुलांसोबत काम करणाऱ्या कोणालाही असा संशय आला तर त्याने स्वतः सरकारी हेल्पलाईनला कळवायचं आणि मग साहेबाला सांगायचं, साहेबाला सांगितलं म्हणून सुटका नाही. मी लॅबमध्ये मुलांना शिकवते म्हणून मलाही त्याचं ट्रेनिंग आहे, ऑनलाईन, शेवटी प्रश्न, नापास झालं की परत बसायचं. मम्मी, हे तुझ्यासाठी लिहिलं. तो सँडस्की तीस ते साठ वर्षांसाठी आत आहे, मी इथे यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही, आणि त्यामुळेच आता इथे सगळ्यात जास्त काळजी घेतात. तेव्हा प्लीज मावशीला 'तसलं कॉलेज' असं सांगत फिरू नकोस.

बरं, पुतळा काढला म्हणजे विषय मिटला असं नाही. लायब्ररीचं नाव तसंच आहे, तेव्हाचे प्रेसिडेंट म्हणाले ते शिक्षणासाठी दिलेलं आहे ते राहील. डेअरीवर पीचचं आईस्क्रीम मिळतं त्याचं नाव पीची पॅटर्नो, ते पण तसंच. शिक्षा म्हणून पॅटर्नोच्या जिंकलेल्या १११ मॅच रेकॉर्डमधून खोडल्या होत्या त्या २०१५ मध्ये परत दिल्या. २०१६ मध्ये त्याच्या पहिल्या मॅचला पन्नास वर्षं झाली म्हणून स्टेडियममध्ये सत्कारासारखं केलं, अर्धं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं आणि इथल्या विद्यार्थ्यांचाच पेपर त्यावर टीका करत होता. मग २०२४ मध्ये काही ट्रस्टींनी विषय काढला की मैदानालाच पॅटर्नोचं नाव देऊ. आतल्या आत चर्चा चालली होती, बाहेर फुटली. शेवटी काय झालं माहितीये? २०२५ मध्ये मैदानाचं नाव झालं वेस्ट शोअर होम फील्ड. बाथरूम आणि खिडक्या बसवून देणारी कंपनी आहे. पाच कोटी डॉलरची देणगी. पुण्यवान माणूस की पापी माणूस ह्यावर दहा-बारा वर्षं भांडले आणि नाव लागलं बाथरूमवाल्यांचं!

माझी घरमालकीण ऐंशीच्या पुढची आहे, तिच्या गॅरेजमध्ये पॅटर्नोचं पोस्टर आहे. मी एकदा हळूच विचारलं तर म्हणाली, पॅटर्नो असता तर त्याला स्वतःलाच लाज वाटली असती, आणि पोस्टर मी काढणार नाही. दोन्ही एका श्वासात. मला तेव्हा काही बोलता आलं नाही पण नंतर वाटलं हिचंच बरोबर आहे. घरात ज्याला जे लावायचं ते लावू दे. लायब्ररी पण राहू दे, पुस्तकांचे पैसे त्याने खरंच दिलेत आणि मला तिथे ऊब मिळते हेही आहेच. पण स्टेडियम वेगळं आहे पप्पा. तिथे एक लाख माणसं एका सुरात नाव घेतात. त्यातला एक जण सँडस्कीने अत्याचार केलेल्या त्या मुलांपैकी असेल, आता चाळिशीतला, स्वतःच्या पोराला घेऊन मॅच बघायला आलेला, त्याने काय करायचं? उठून उभं राहून टाळ्या वाजवायच्या? हा प्रश्न मी लंचला विचारला तर टेबलावर एकदम सगळे जेवणात गुंतले. तुम्ही म्हणाल पुतळा हवा, मी म्हणते झाडं बरी आहेत. भांडायचं असेल तर रविवारी भांडू, माझ्या सकाळी, मम्मीला फोन लपवू देऊ नका.

आणि गुरूची किंमत म्हणाल तर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या कोचला काढलं. सीझनच्या सुरुवातीला टीम देशात दोन नंबरवर होती, मग लागोपाठ तीन हरली, रविवारी घरी. करारात त्याचे जवळजवळ ४९ मिलियन डॉलर निघत होते. रुपयात करू नका, बीपी वाढेल.

व्हिसाचं. नोकरीच्या एच-१बी व्हिसाला एक लाख डॉलर फी, ती बातमी माझ्यासाठी नाहीये, मी स्टुडंट व्हिसावर आहे, दादाला सगळं समजावलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं प्रत्येक फॉरवर्ड मला पाठवू नका, मी ते तुमच्या आधी वाचलेलं असतं आणि माझं पोट आधीच दुखून झालेलं असतं. पण पासपोर्टवरचा शिक्का संपलाय. म्हणजे आत्ता आले तर परत येताना नवीन शिक्का लागणार आणि तारखा मिळत नाहीयेत. तर स्नेहलच्या लग्नाचं असं आहे की मी नक्की नाही म्हणत नाहीये पण पकडून चालू नका. तिला मी फोन करीन. अजून केला नाहीये, ह्या आठवड्यात करते. साडी माझ्याकडून म्हणून मम्मी तूच घे, पैठणीच घे, स्वस्तातली नको, तिला आणि तुला दोन्ही, बिलाचा फोटो टाक.

मम्मी, गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यावर ढकलू नकोस. डॉक्टर डिसेंबर म्हणतात तर डिसेंबर. मी नसले तरी वहिनी आहे, दादा आहे, मी दादाच्या कानावर सगळं घातलंय, कुठलं हॉस्पिटल, कुठला सांधा, इन्शुरन्समध्ये काय बसतं काय नाही, तो बघेल. फिजिओथेरपीच्या वेळी मी रोज व्हिडिओ कॉलवर असेन, तुझी सकाळ म्हणजे माझी रात्र, जमतं. दीड लाख पाठवतीये. एवढे कुठून आले विचारू नका, उन्हाळ्यात जास्तीचं शिकवलं होतं त्याचे आहेत, पोटाला चिमटा बिमटा काढलेला नाही. त्यातला एज्युकेशन लोनचा हप्ता पप्पांनी परस्पर भरायचा नाही, तो वेगळा जातो.

स्थळाचं. नाशिकच्या मुलाचा फोटो बघितला. चांगला आहे. बोलायला माझी हरकत नाही पण बोलणं म्हणजे होकार नाही हे त्यांना आधीच सांगा, आणि 'मुलगी दोन वर्षांत परत येणार आहे' असं सांगू नका, मलाच माहिती नाही. आत्याला माझा नंबर देऊ नका. दिला असेल तर निदान सांगा तरी.

पैसे शुक्रवारपर्यंत पप्पांच्या खात्यात दिसतील, नाही दिसले तर मला लगेच मेसेज करा, बँकेत जाऊन रांगेत उभे राहू नका.

तुमची,
मनू