आईच्या हाडांबद्दल, जरा सविस्तर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, बोटांची सूज उतरली म्हणून गोळ्या कमी करायचं मनात आणू नकोस. शेजारच्या काकूंचे गुडघे झिजलेत, तो आजार वेगळा. तुझा आमवात सांध्यापुरता थांबत नाही, हाडही खातो, आणि ते खाताना दर वेळी दुखतंच असं नाही.

सांध्याच्या आत पातळ अस्तर असतं. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावरच उलटते. अस्तर सुजून जाड होतं आणि हाडावर चढतं. एरवी हाडात काही पेशी जुना भाग खरवडतात, दुसऱ्या नवा भरतात. सुजेतली रसायनं खरवडणाऱ्यांना चेव आणतात, भरणाऱ्यांना दाबून ठेवतात. बाबा, कपाटातला आईच्या हातांचा एक्स-रे खिडकीशी धरून बघा. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांच्या मुळाशी, सांध्याच्या कडेची पांढरी रेघ सलग हवी. तिथे उंदराने कुरतडल्यासारखी खाच असेल, तर ती याच आजाराची. हाडाच्या टोकावरचं कूर्चेचं गुळगुळीत आवरण जिथे संपतं, तिथलं उघडं हाड आधी खाल्लं जातं. आजूबाजूचं हाड विरळ, करडं दिसतं. पडलेली खाच सहसा भरून येत नाही, पण औषध नियमित घेतलं तर पुढची अडवता येते. म्हणून मेथोट्रेक्सेट चुकवायचं नाही.

सूज रक्तातून सगळीकडे फिरते, त्यामुळे मणके आणि खुबाही विरळ होतात. त्यात पाळी गेलेली, दुखण्यामुळे चालणं कमी, आणि वर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. स्टिरॉइडने हाडाची घट पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगाने होते. तरी ते एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवायचं.

खुब्याची आणि कमरेची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात. स्टिरॉइड चालू असताना त्याहून बऱ्या आकड्यालाही हाड मोडू शकतं, म्हणून आकडा बघून निर्धास्त होऊ नका. तपासणीच्या आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवा. आईची उंचीही दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडून ठेवा. तरुणपणापेक्षा 4 सेंमी कमी भरली, तर एखादा मणका न कळत दबलेला असू शकतो.

कॅल्शियम दिवसाला एकूण 1000 ते 1200 मिलिग्रॅम हवं, जेवणातलं धरून. कपभर दुधात साधारण 240, शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात 350च्या आसपास. उरलेलं गोळीतून, एका वेळी 500पेक्षा जास्त नको. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची.

डॉक्टरांनी हाडांची घट रोखणारं अलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम दिलं, तर ते आठवड्यातून एकदाच, उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. अर्धा तास चहा नाही आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला जाळते. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना ही गोळी आधी सांगा.

आता सगळ्यात धोक्याची चूक. मेथोट्रेक्सेटही आठवड्यातून एकदाच असतं, आणि ते चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. बाबा, दोन्ही गोळ्यांचे वार वेगवेगळे ठेवा आणि कालनिर्णयावर दोन रंगांनी खुणा करा.

मानेचंही सांगते. जुन्या आमवातात वरचे दोन मणके सैल पडू शकतात. मालिशवालीकडून मान मोडून घ्यायची नाही. मान वाकवल्यावर करंट लागल्यासारखं झालं किंवा हात बधिर पडले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्यांना आमवात आहे हे आधी सांगा.

विरळ झालेला खुबा बहुतेकदा पडल्यावरच मोडतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात बाथरूमची फरशी कधी कोरडी होत नाही. टॉवेलचा दांडा भार पेलत नाही, रबरी चोषकाने चिकटणारा आधारही ऐन वेळी सुटतो. भिंतीत स्क्रूने बसवलेला जाड दांडाच हवा. आईच्या बोटांची पकड कमी आहे, म्हणून तो कोपराने टेकता येईल अशा उंचीवर. दारातलं घसरणारं पायपुसणं काढा, रात्री पॅसेजमधला छोटा दिवा चालू राहू द्या.

शनिवारी ड्रिल आणि दांडा घेऊन येते. तोवर आई, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढू नकोस.

तुमची लेक