नकाराधिकारही फिका पडतो

महोदय,

अमेरिकी व्हिसाचं सगळं खापर आपण राष्ट्राध्यक्षांवर फोडतो. कायदा करते काँग्रेस (तिथली संसद, आपला पक्ष नव्हे!). १९५२ साली देशवार कोट्याचं मॅककॅरन-वॉल्टर विधेयक तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. दोनच दिवसांत दोन्ही सभागृहांनी तो मोडीत काढला. सिनेटमध्ये ५७ विरुद्ध २६. भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० जण! एवढी माणसं आमच्या चाळीच्या एका मजल्यावर राहायची. ते कोटे गेले १९६५च्या कायद्याने. आज ग्रीन कार्डासाठी (तिथे कायम राहण्याचा परवाना) ताटकळणारी पुण्या-ठाण्याची मुलं अडकलीत, ती दर देशाला वर्षाच्या कार्डांपैकी ७ टक्के या मर्यादेत. तीही कायद्यातलीच, अध्यक्षांच्या एका सहीने उठायची नाही.

– एक वाचक, डोंबिवली